बारा उघड्या पाती

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात कळंबहून माहेरी निघाले की मी एसटीत डावीकडची खिडकी धरते. यवतमाळला गाडी बदलायची, तिथेही डावीच. दारव्ह्याच्या रस्त्याला लागलं की पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेतं थेट बोरी अरबपर्यंत सोबत करतात आणि ह्या दिवसांत बोंडं नुकती कुठे उमलायला लागलेली असतात. मी शाळेत गणित शिकवते, मोजायची खोड जाता जात नाही. धावत्या गाडीतून पांढरी बोंडं मोजणं हा शुद्ध वेडेपणा आहे, तरी मोजते. मग एक जुना हंगाम आठवतो आणि मोजणी चुकते. दरवर्षी चुकते.

यंदा घरी पोचले तर ओसरीवर प्रज्ञा बसलेली. प्रज्ञा माझी भाची, दादाची मुलगी, आठवीत आहे. तिच्या मांडीवर तो पाँचो होता. डाळिंबी लोकरीचा, बाह्या नसलेला, डोक्यातून घालायचा आणि खांद्यांवरून चहूकडे खाली सोडायचा. त्याचा गळा राखाडी, भरपूर सैल, पुढे दोन-तीन घड्या घेऊन छातीवर लोंबणारा. प्रज्ञाच्या हातात क्रोशाची सुई होती आणि पुढ्यात शाळेची वही. असाच दुसरा स्वतःसाठी विणायचा म्हणून ती जुन्यावरून टाके मोजून वहीत उतरवून घेत होती.

"आत्या," तिने बोट घालून दाखवलं, "हा राखाडी गळा वर उचलला का खाली डाव्या बाजूनं फट दिसते. बारा पाती उघड्या हायेत, मंग पुढं गोल जोडलंय. उजव्या बाजूनं तसं नाई. हे डिझाइन हाये का?"

मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी दाराशी बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण हसली.

"चहा तर पिऊ दे," मी म्हणाले.

लाल्याची आणि अळीची ती वर्षं होती. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढायची आणि ऐन बहरात पानं तांबडी पडायची. बोंड हातात घेऊन फोडलं तर आत अळी बसलेली. घरोघरी, पारावर, एसटीत एकच विषय. मला मात्र त्या सगळ्यात पाँचो हवा होता. मी यवतमाळला कॉलेजात होते, शेवटचं वर्ष, आणि वर्गातली एक मुलगी नागपूरहून तसा पाँचो घालून आली होती. सैल गळ्याचा. तो गळा तिच्या हनुवटीखाली असा काही पडायचा की मला तास ऐकू येईना. लाज वाटते आता सांगायला, पण माणसाला वीस वर्षांचं असताना कशाचं काय वाटेल ह्याचा नेम नसतो.

सायबर कॅफेत बसून मी एक इंग्रजी नमुना शोधला आणि छापून आणला. दोन पानं. त्यावरचा फोटो काळपट, बाईचं तोंड दिसत नव्हतं, पाँचो तेवढा दिसत होता. पण त्याचा गळा साधा गोल होता. सैल गळ्याचा नमुना काही मिळाला नाही. मी हिरमुसून कागद वहिनीपुढे टाकला.

सुनंदावहिनी चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या घरी येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नात्याने मी नणंद, म्हणून मला 'बाई' म्हणायची. 'तुमी' मात्र पाहुण्यांपुढेच. क्रोशा ती माहेरहून शिकून आली होती. तोरणं, रुमाल, टीव्हीवर टाकायचं झाकण, एवढंच काय ते विणलेलं. तिने फोटो उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला.

"हे वरून खाली इनलंय," ती म्हणाली. "गळ्यापासून सुरू. खांद्यावर दोन जागी टाके वाढवत गेली हाये ही. तुया सैल गळा यात नाई, पन मागून लावता येते. गळ्याच्या साखळीतून पुन्हा धागा उचलायचा अन वरच्या अंगानं इनत जायचं. पह्यले घट्ट, मंग सैल. आपोआप पडंल."

मी कागदावरचं इंग्रजी पुन्हा वाचलं. खरोखर वरून खाली होतं. खांद्यावर दोन जागी टाके वाढवलेले होते. अक्षर न वाचता तिने एका डागाळलेल्या फोटोवरून सगळं सांगितलं होतं. मला राग आल्यासारखं झालं, कारण तेच समजून घ्यायला मला एसटीतला पूर्ण रस्ता लागला होता.

पण मला आश्चर्य वाटायला नको होतं. मी तिला कापूस वेचताना पाहिलेलं होतं. ती बोलत असायची शेजारणीशी, बघत असायची बांधावरच्या बाभळीकडे, आणि दोन्ही हात बोंडांतून चाललेले. तिच्या झोळीत पानाचा चुरा कधी सापडायचा नाही. मी वेचायला लागले की कापूस कमी आणि काडीकचरा जास्त. बाया म्हणायच्या, "हिले गनितच करू द्या."

तर गणित माझ्याकडे आलं. नमुन्यातली लोकर जाड होती, आमच्याकडे मिळायची ती बारीक. त्यामुळे प्रत्येक आकडा दीडपट करायचा होता. चौसष्ट साखळ्यांच्या शहाण्णव करायच्या, वाढवायचे टाके बदलायचे, ओळी वाढवायच्या. त्या दिवशी सकाळी मी ते करत बसले होते. शेतात दादा फवारणीला गेला होता आणि त्याचा डबा मी न्यायचा असं ठरलेलं होतं. वहिनीला सातवा महिना लागला होता. तिने दोनदा विचारलं, "बाई, जातं ना?" मी दोनदा म्हटलं, "हे एवढं झालं का निघतो." तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. डबा उचलला आणि निघाली.

दादाच्या पाठीवर पंप होता. तिने बांधावरून हाक मारली, तो हाकेसरशी वळला, आणि नेमकी त्याच वेळी नळी सांध्यातून निसटली. औषध सरळ तिच्या डोळ्यांत गेलं.

यवतमाळच्या दवाखान्यात तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. पोटातलं बाळ ठीक आहे, असं सांगितलं. डोळ्यांबद्दल डॉक्टरांनी दादाला आणि मला बाहेर बोलावलं. डाव्याला बहुधा दिसेल, उजव्याचं सांगता येत नाही, आणि खरं म्हणजे पट्ट्या काढल्याशिवाय दोन्हींचं सांगता येत नाही. तीन आठवडे थांबा, दिवसातून चार वेळा पट्टी जराशी उचलून मिटल्या पापणीच्या कडेने औषध घाला, पट्टीशिवाय उजेडात नेऊ नका. दादा ऐकत होता की नाही कोण जाणे. तो स्वतःच्या हातांकडे पाहत होता. आत जाऊन मी वहिनीला म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, शंभर टक्के दिसंल. फक्त तीन आठवडे कळ काढायची." माझा आवाज इतका सरळ निघाला की मलाच नवल वाटलं.

त्या वर्षी आमच्या घरचं कुणी दीक्षाभूमीला गेलं नाही. दरवर्षी दसऱ्याला आम्ही सगळे जायचो. आईने घरीच मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, आणि वहिनीचा हात धरून तिला ओसरीवर आणून बसवलं. वहिनीने मांडीवरचे हात एकमेकांवर चोळले. मग म्हणाली, "बाई, तुयी लोकर आन. हात रिकामे हायेत माहे."

मी म्हटलं, राहू दे वहिनी, मला नको तो पाँचो. खरंच नको होता. त्याची दोन पानं मी चुलीत घालायला निघाले होते.

"तुले नको असंल," ती म्हणाली, "मले पायजे. दिवसभर अंधारात बसून मी काय इचार करत बसू?"

तिथून आमचा तो हंगाम सुरू झाला. सकाळी आई औषध घालायची. मग मी कागद घेऊन समोर बसायची आणि वाचायची. सुईवर धागा घेऊन जो उभा टाका विणायचा, तो खांब. "तीन खांब, एक साखळी, तीन खांब." वहिनीच्या डाव्या हाताची तर्जनी विणलेल्या कडेवरून पुढे सरकायची, एका छिद्रापाशी थांबायची, आणि सुई बरोब्बर तिथे उतरायची. माप घ्यायचं तर तिने मला जवळ बोलावलं, माझ्या खांद्यांवरून हात फिरवला, वीत टाकली. "एक वीत अन चार बोटं. तुया कागद काय म्हनते?" मी सेंटीमीटरांचं गणित करून सांगितलं. अर्ध्या बोटाचा फरक निघाला. "कागद चुकला असंल," ती म्हणाली. मी पुन्हा गणित केलं. मीच एका ठिकाणी दीडपट करायला विसरले होते.

दादा शेतातून आला की हातपाय धुऊन तिच्यासमोर येऊन बसायचा आणि दोन्ही हात पुढे करायचा. मी त्या हातांवर लोकरीची लड अडकवायची, वहिनी तिचा गुंडा करायची. लोकर दादाच्या खरखरीत बोटांना अडायची, ती धागा हलकेच ओढून सोडवायची. एक माणूस रोज संध्याकाळी नुसते हात पुढे करून बसतो, एवढंच होतं ते. पण मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

शेजारच्या बाया बघायला यायच्या. डोळे बांधून विणते म्हणून गावभर झालं होतं. एकीने विचारलं, गळ्याशी एवढं सैल ठेवणार ते कशाला. मी सांगितलं, घड्या पडून लोंबतं, फॅशन आहे. ती म्हणाली, "बाई गं, म्हंजे कमरेची झोळी गळ्यात बांधली. वेचायले बेस, हात खालीवर करायचं काम नाई." वहिनी इतकी हसली की आई आतून ओरडली, डोळ्यांना ताण येईल म्हणून.

बाराव्या ओळीला ती चूक कळली. आमच्याकडे वेचणीला बाया शेतात उतरल्या की प्रत्येकीला ओळींचा आपापला पट्टा मिळतो. त्याला पात म्हणतात. पात सोडायची नाही. टोकाला पोचलं की वळायचं आणि शेजारच्या ओळीतून परत यायचं. वहिनीने विणायच्या ओळींनाही पातच म्हणायला सुरुवात केली होती. "बाई, ही पात झाली, पुढची सांग." नमुन्यात प्रत्येक ओळ गोल फिरून सुरुवातीला जोडायची होती. मी 'जोडा' असं वाचतही होते. पण तिचे हात वर्षानुवर्षांच्या सवयीने टोकाला पोचले की वळत होते आणि आल्या वाटेने परत जात होते. बारा पाती ती अशी गेली आणि आली. डाव्या खांद्याच्या पुढे, छातीवर, वीतभर फट राहिली.

आणि मी समोर बसून ते पाहिलं नाही. कागदाकडे पाहत होते मी, आकड्यांकडे. वर पाहिलं असतं तर त्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या असत्या, म्हणून पाहत नव्हते. डोळे असून बारा ओळी मला दिसल्या नाहीत, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"किती उघडं हाये?" तिने विचारलं. स्वतःच बोट घालून पाहिलं. "वीतभर. राहू दे. आता इथून जोडत जाऊ. केलेली पात मी उसवत नसतो."

पुढे लोकर संपत आली. डाळिंबी रंग आमच्या गावात नव्हताच. यवतमाळला मी चार दुकानं फिरले, त्या छटेची लोकर संपलेली होती. शेवटी जाडीला सारखी वाटली म्हणून राखाडी घेतली. वाटेत एसटीत ठरवून टाकलं की तिला सांगायचं नाही. दिसत तर नाही तिला. पट्ट्या निघतील तेव्हा बघू. एकदा एक खोटं सांगून झालं होतं, दुसऱ्याला फारसं काही लागत नाही.

दुपारची वेळ होती. आई शेजारी गेली होती. मी गुंडा तिच्या मांडीवर ठेवला. "मिळाली लोकर," म्हटलं, "तीच आहे."

तिने धागा बोटांत घेतला. चिमटीत फिरवला. मग गालाला लावला आणि जुन्या लोकरीचं टोक दुसऱ्या गालाला.

"ही वेगळी हाये."

"नाही वहिनी, तीच आहे."

"बाई," ती शांतपणे म्हणाली, "रंग कोनता हाये हिचा?"

मी म्हणाले, "राखाडी."

तिने मान हलवली. धागा मांडीवर ठेवला. बाहेर कुणाच्या तरी अंगणात कोंबड्या हाकलण्याचा आवाज येत होता.

"मंग डोयाचं बी तू असंच सांग्तलं का मले?"

मी रडायला लागले. ती ऐकत राहिली, रडू नको म्हणाली नाही. रडून झाल्यावर मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय म्हटलं होतं ते, शब्दाला शब्द. डावा बहुधा, उजव्याचं नक्की नाही, आणि तसं दोन्हींचं नाही. डबा मी न्यायचा होता हेही सांगितलं, जणू तिला ते माहीतच नव्हतं.

तिचा एक हात पोटावर होता. दुसऱ्या हाताची तर्जनी मात्र विणलेल्या कडेवर तशीच टेकलेली होती, जिथे थांबलो होतो त्या छिद्रावर. मला ते बोट आजही दिसतं. एवढं सगळं ऐकताना तिने आपली जागा सोडली नव्हती.

"लेकराचं तोंड दिसंल का नाई, तेवढंच लागून राह्यलं होतं जिवाले," ती म्हणाली. "रोज तुले ऐकतो अन रोज वाटते, ही कायले एवढी ठासून सांगते. आता बरं वाटलं. खरं काय ते हातात आलं." मग गुंडा चाचपून, "राखाडी घेराले नको. घेर आहे तेवढाच ठेवू. राखाडी गळ्याले लाव. सैल गळा खाली आला म्हंजे फट बी झाकंल. किती खांब झाले होते?"

मी कागद शोधला. डोळे पुसून आकडा पाहिला. "बावीस," म्हणाले.

"तेवीस," ती म्हणाली. तेवीसच होते.

मी पुढे गणितात पदवी घेतली, वर्गात शेकडो मुलांना शिकवलं, हुशार माणसंही बरीच पाहिली. पण माणूस म्हणजे काय चीज आहे, असं थक्क होऊन वाटलं ते त्या ओसरीवर, त्या दुपारी. ज्या बाईला आपल्याला दिसणार की नाही हे ठाऊक नव्हतं, तिने नसलेल्या रंगाचं काय करायचं ते ठरवलं आणि पुढचा खांब घेतला. नमुन्यात नसलेला तो गळा तिने चार दिवसांत उभा केला. गळ्याच्या साखळीतून धागा उचलून वर, आधी घट्ट, मग सैल. अंगावर घालून पाहिला तेव्हा त्या कॉलेजातल्या मुलीच्या गळ्यापेक्षा सुंदर पडला. आणि फट खरोखर झाकली गेली.

पट्ट्या निघाल्या तेव्हा मी दाराशी उभी होते. खोलीत उजेड कमी ठेवला होता. तिने हळूहळू पापण्या उघडल्या, कितीदा तरी मिटल्या, पुन्हा उघडल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समोर दादा उभा होता, हात तसेच पुढे, लड धरायला बसल्यासारखे.

"केवढे वाळले तुमी," ती म्हणाली.

दादा भिंतीला टेकून खाली बसला. डाव्या डोळ्याला दिसायला लागलं होतं. उजव्यात पुढे उजेड-अंधार कळण्याएवढं राहिलं, तेवढंच आजही आहे.

पौषात, कडाक्याच्या थंडीत प्रज्ञा झाली. दवाखान्यातून घरी आणताना एसटीत माणसं दाटलेली होती. बाळ रडायला लागलं. वहिनीने पाँचो घातला होता. मी हट्टाने तिलाच घालायला लावला होता. तिने राखाडी गळा जरा पुढे ओढला, बाळाला आत घेतलं, आणि त्या बारा उघड्या पातींतून पाजलं. शेजारच्या बाईला पत्ताही लागला नाही. मी खिडकीशी बसले होते. उतरेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसत होतो.

पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. नर्सने बाळ तिच्या कुशीत दिलं तेव्हा मी तिथे होते. ह्याच क्षणासाठी तिने ते तीन आठवडे काढले होते, म्हणून मी बाळाकडे नाही, तिच्याकडे पाहत होते. तिने डोळे मिटून घेतले. वाटलं, डावाही गेला की काय. तिची तर्जनी बाळाच्या कपाळावरून निघाली, भुवयांवरून, इवल्या नाकावरून, ओठांच्या कडेने फिरली, हनुवटीपाशी थांबली. एकही जागा सुटली नाही. मग तिने डोळे उघडले आणि बाळाकडे बघत राहिली, कितीतरी वेळ.

"डोये काहून मिटले होते?" मी विचारलं.

"आधी बोटानं पाह्यलं, मंग डोयानं," ती म्हणाली. "दोघाईनं सारखंच सांग्तलं."

चहा पिऊन झाला तरी प्रज्ञा उत्तरासाठी माझ्याकडे बघत बसली होती. तिने नव्या विणकामाला सुरुवातही केलेली होती. मी हातात घेऊन पाहिलं. पाच पाती झाल्या होत्या, आणि पाचही टोकाला पोचून वळलेल्या, परत आलेल्या. वहीत तिच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: बारा पाती वळून परत, तेराव्यापासून गोल.

ही चूक आहे पोरी, असं सांगायला मी तोंड उघडलं. वहिनीने तांदळाच्या ताटातून हात काढून माझ्या मनगटावर ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "बरोबर लिहून राह्यली ती."